पहिला पॉवर काइट कोणता घ्यावा: नागपूरच्या वाऱ्यात केलेली पारख

नागपुरात राहून पहिला पॉवर काइट, म्हणजे जोरदार ओढ देणारा कापडी पतंग, घ्यायचा असेल, तर त्याचा आकार वाऱ्याच्या सरासरी वेगावरून ठरवू नये, मध्येच येणाऱ्या झोताच्या वेगावरून ठरवावा, असे माझे ठाम मत झाले आहे. परदेशी कंपन्यांच्या, वाऱ्यानुसार आकार सुचवणाऱ्या तक्त्यांमागे बहुधा समुद्रकिनाऱ्यावर सलग वाहणारा वारा गृहीत धरलेला असतो, आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या आपल्या शहरात तसा वारा वर्षातले थोडेच दिवस मिळतो. या परीक्षणात मी तीन काइटांविषयी लिहीत आहे: प्रिझम कंपनीचा सिनॅप्स १७०, त्याच कंपनीचा टँट्रम २२०, आणि कोणत्याही नावाजलेल्या कंपनीचा शिक्का नसलेला, इंटरनेटवरून मागवता येणारा तीन चौरस मीटरचा चार दोऱ्यांचा काइट. माझे वजन सत्तर किलोच्या आसपास आहे. हे आधीच सांगतो, कारण उडवणाऱ्याचे वजन सांगितल्याविना दिलेला या विषयातला कोणताही अभिप्राय अपुरा ठरतो.

ज्याने लहानपणापासून गच्चीवर पतंग उडवला आहे, त्याला वाऱ्याची जाण असते आणि ती इथे निश्चित उपयोगी पडते. मात्र हाताला लागलेली एक सवय पूर्णपणे सोडावी लागते. कागदी पतंगाची ओढ वाढली की आपण चक्रीवरून ढील देतो आणि पतंग मोकळा होतो. पॉवर काइटला चक्रीच नसते. ठरावीक लांबीच्या, बहुधा वीस ते पंचवीस मीटरच्या, दोन, तीन किंवा चार दोऱ्या मनगटाच्या पट्ट्यांना, हँडलांना किंवा एका आडव्या दांड्याला जोडलेल्या असतात. उजवी दोरी ओढली की काइट उजवीकडे वळतो आणि डावी ओढली की डावीकडे. ओढ कमी करायची असेल तर काइटच्या दिशेने चालत जावे लागते, किंवा काइट आपल्या डोक्यावर अथवा अगदी डाव्या-उजव्या कडेला न्यावा लागतो. हिसका बसताच टाच रोवून मागे झुकण्याकडे शरीराचा कल असतो आणि त्यानेच ओढ आणखी वाढते, म्हणून पहिल्या दिवसापासून पुढे चालण्याचा सराव मुद्दाम करावा.

नवशिक्यांसाठीच्या या काइटांत काडी नसते. कापडाच्या दोन थरांमध्ये शिवलेले कप्पे असतात, समोरच्या उघड्या तोंडांतून त्यांत हवा शिरते आणि संपूर्ण काइटला विमानाच्या पंखासारखा फुगीर आकार येतो. ही रचना डोमिना जॅल्बर्ट यांनी १९६४च्या सुमारास अमेरिकेत सिद्ध केली, आणि आजची चौकोनी पॅराशूटे व पॅराग्लायडर याच कल्पनेवर उभी आहेत. आपण हातात धरतो ती वस्तू म्हणजे खरोखरच एक पंख आहे, आणि तिची निवड त्याच गांभीर्याने केली पाहिजे.

पंखावरचा जोर त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतो, परंतु वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १२ किलोमीटरचा वारा १८ झाला तर जोर दीडपट न होता सव्वादोन पट होतो, आणि २४ झाला तर चौपट. यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की काइट एका जागी उभा असताना जेवढा ओढतो, त्याच्या कितीतरी पट तो वाऱ्याला आडवा धावत असताना ओढतो. वाऱ्याच्या तिप्पट वेगाने आडवा जाणाऱ्या काइटला प्रत्यक्षात लागणारा वारा मूळ वाऱ्याच्या तिपटीहून थोडा अधिक असतो, आणि त्या वेगाचा वर्ग केला की जोर जवळजवळ दहापट होतो. म्हणूनच डोक्यावर शांत उभा असलेला काइट एका हाताने सांभाळता येतो, आणि तोच काइट आपल्या थेट समोरच्या पट्ट्यातून खाली उतरला की सत्तर किलोचा माणूस फरफटत जाऊ शकतो. विक्रेत्याने दाखवलेल्या चित्रफितीत काइट डोक्यावर असतानाच वारा व आकार यांची चर्चा होत असेल, तर ती चर्चा अर्धीच आहे असे समजावे.

आता नागपूरच्या वाऱ्याकडे वळतो, कारण निवडीचा सारा कस येथेच लागतो. संक्रांतीच्या सुमारास आपल्याकडे वारा मंद असतो. हलका कागदी पतंग त्यात सुरेख तरंगतो, पण कापडाचा, दोऱ्यांच्या वजनाने खाली खेचला जाणारा पॉवर काइट पुरता फुगतही नाही. मार्च ते मे या काळात दुपारी वारा भरपूर वाटतो, परंतु तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या गरम हवेमुळे तो तुटक असतो: काही क्षण शांतता, मग कोणत्याही दिशेने आलेला झोत, आणि मोकळ्या मैदानावर अधूनमधून उठणारी वावटळ. उन्हाळ्यातल्या ४२ अंशांच्या हवेची घनता हिवाळी सकाळच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी असते, त्यामुळे तेवढ्या प्रमाणात ओढही घटते. पण झोताच्या वेगाच्या वर्गापुढे ही घट काहीच नाही. त्यात अवकाळी पावसाचे ढग जमू लागले की पावसाच्या आधी सुटणारा वारा काही मिनिटांत दुप्पट-तिप्पट होतो आणि विजेचा धोका असतो तो वेगळाच. आकाशात असे ढग दूरवर जरी दिसले तरी काइट उतरवून पिशवीत भरावा. यात तडजोड नाही.

सर्वांत चांगला काळ म्हणजे जूनच्या उत्तरार्धापासून ऑगस्टपर्यंत, पावसाने उघडीप दिलेली, ढगाळ पण विजा नसलेली सकाळ किंवा दुपार. पश्चिमेकडून येणारा मोसमी वारा तेव्हा पुरेसा असतो, आणि ढगांमुळे जमीन तापत नसल्याने त्यातील चढउतार पुष्कळ कमी होतात. नवशिक्याने पहिला सराव याच दिवसांत करावा, असे मी आग्रहाने सांगेन. वाऱ्याचा वेग मोजणारे छोटे यंत्र जवळ असल्यास उत्तमच. नसल्यास झाडांकडे पाहावे. कडुनिंबाची पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर आहे, आणि तोच शिकण्याचा वारा. धूळ व कागद उडू लागले तर तो २० ते २८ झाला आहे, आणि लहान झाडे संपूर्ण डोलू लागली तर नवशिक्याने घरी परतावे. या निरीक्षणात शांत क्षणाचा विचार करू नये; दहा मिनिटांत आलेला सर्वांत जोराचा झोत ध्यानात ठेवून त्यालाच त्या दिवसाचा वारा मानावे.

आकाराच्या आकड्यांनी अनेकांची फसगत होते. काही कंपन्या काइटची रुंदी आकड्यात देतात, तर काही क्षेत्रफळ. सिनॅप्स १७० म्हणजे १७० सेंटिमीटर रुंदीचा काइट. दोन मीटर रुंदीच्या काइटची सरासरी खोली (पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचे अंतर) साठ सेंटिमीटर धरली तर त्याचे क्षेत्रफळ सव्वा चौरस मीटरसुद्धा भरत नाही. म्हणजे ‘दोन मीटर’ आणि ‘दोन चौरस मीटर’ हे दोन काइट ओढीच्या दृष्टीने अगदी वेगळे आहेत. मागणी नोंदवण्यापूर्वी आकडा कशाचा आहे हे विक्रेत्याकडून लेखी विचारून घ्यावे. त्याचबरोबर रुंदीचे खोलीशी असलेले गुणोत्तरही पाहावे. लांबट व अरुंद काइट वेगवान असतो, पण वारा क्षणभर पडला की त्याचे टोक आत दुमडते. रुंदीच्या मानाने खोल असलेला काइट थोडा संथ असतो, मात्र तुटक वाऱ्यात आपला आकार टिकवून धरतो. नागपूरसाठी दुसराच प्रकार योग्य होय.

सिनॅप्स १७० हा दोन दोऱ्यांचा काइट आहे आणि मनगटाच्या पट्ट्यांवर उडवला जातो. झाडांच्या डहाळ्या हलवणाऱ्या वाऱ्यात तो चटकन उठतो, वळणे घट्ट घेतो आणि ओढ जाणवेल इतपत ओढतो, पण माझ्या वजनाच्या माणसाला जागेवरून हलवत नाही. शिकणाऱ्याला पहिल्या काही आठवड्यांत नेमके हेच हवे असते: काइट आकाशाच्या कोणत्या भागात जोर धरतो, कडेला गेल्यावर कसा सैल पडतो, आणि वळण उशिरा घेतल्यास काय होते, हे सर्व हाताला कळते आणि चुकांची शिक्षा सौम्य राहते. दोऱ्या एकमेकींभोवती तीन-चार वेळा पिळल्या गेल्या तरी त्या निसटत्या असल्याने काइट वळवता येतो. त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. ब्रेकची दोरी नसल्याने तो नाकावर पडला तर प्रत्येक वेळी चालत जाऊन सरळ करावा लागतो किंवा सोबत्याची मदत घ्यावी लागते. आणि जानेवारीच्या मंद वाऱ्यात तो निरुपयोगी आहे. मनगटाच्या पट्ट्या घाईत सुटत नाहीत, ही बाब या आकारात चालून जाते, पण याहून मोठ्या काइटसाठी अशा पट्ट्या मी स्वीकारणार नाही.

टँट्रम २२० आडव्या दांड्यावर चालतो. रुंदी वाढल्याने ओढीतला फरक पहिल्याच फेरीत जाणवतो. धूळ उडवणाऱ्या वाऱ्यात तो समोरून आडवा नेला तर शरीर मागे टेकवून उभे राहावे लागते. दांडा हातून सोडला की मनगटाला बांधलेल्या सुरक्षा-दोरीमुळे काइटमधील जोर निघून जातो आणि तो खाली येतो. माझ्या मते या काइटचे खरे मोल याच सोयीत आहे, कारण आपल्याकडचा झोत विचार करायला वेळ देत नाही आणि तेव्हा दोन्ही हात उघडणे एवढेच करता येते. ही सुरक्षा-दोरी मनगटाला बांधल्याशिवाय काइट जमिनीवरून उचलूच नये, आणि दांडा सोडण्याचा सराव हलक्या वाऱ्यात अनेकदा करून ठेवावा. दांड्याबाबत नवशिक्याची एक अडचण होते: तो मोटारीच्या स्टिअरिंगसारखा फिरवला जातो, परंतु काइट वळतो तो दांड्याचे एक टोक स्वतःकडे खेचल्याने. ही सवय बसायला थोडा वेळ लागतो. याच वर्गातला जर्मन कंपनी एचक्यूचा रश प्रो हा तीन दोऱ्यांचा काइटही विचारात घेण्यासारखा आहे. त्याची तिसरी दोरी सुरक्षेसाठी आहेच, शिवाय तिच्या साहाय्याने नाकावर पडलेला काइट उलटा उचलता येतो, त्यामुळे एकट्याने सराव करणाऱ्याची पायपीट वाचते.

तीन चौरस मीटरच्या बिननावाच्या काइटविषयी मी सविस्तर लिहितो, कारण किमतीच्या मोहाने नवशिक्या बहुतेक वेळा त्याच्याकडेच ओढला जातो. चार दोऱ्यांच्या पद्धतीला माझा विरोध नाही. राइट बंधूंनी १८९९ साली पंख पिळण्याची आपली कल्पना तपासली ती दोन काठ्यांना बांधलेल्या चार दोऱ्यांच्या पतंगावरच, आणि आजही चार दोऱ्यांमुळे काइटला ब्रेक लावता येतो, मागे घेता येते, हवा तिथे उतरवता येते. दोष त्या विशिष्ट मालात होता. दोऱ्यांची लांबी एकसारखी नव्हती. चारही दोऱ्या एका खुंटीला अडकवून समान ताणल्यावर टोकांमध्ये बोटभर अंतर दिसत होते, आणि एवढ्या फरकानेही काइट सतत एका बाजूला झुकतो. हँडलांसोबत मनगटाला बांधायच्या सुरक्षा-दोऱ्या आल्याच नव्हत्या. कन्नीच्या बारीक दोऱ्या जिथे कापडाला शिवल्या होत्या, तेथील शिवण एकेरी होती. विक्रेत्याच्या माहितीत मात्र हा काइट ‘सर्व वयोगटांसाठी’ असल्याचे म्हटले होते. तीन चौरस मीटरचा पंख आपल्या झोतांच्या वाऱ्यात सुरक्षा-दोरीशिवाय नवशिक्याच्या हाती देणे हे सरळसरळ धोक्याचे आहे, आणि ‘नागपुरात वारा कमी म्हणून मोठा घ्या’ हा सल्ला याच कारणाने मला चुकीचा वाटतो. वारा कमी असतो तेव्हा मोठा काइट मजेत उडेल. पण वारा वाढतो तेव्हा तो काइट लहान करता येत नाही.

दोऱ्यांबद्दल थोडे अधिक बोलणे आवश्यक आहे. चांगल्या काइटांना डायनीमा किंवा स्पेक्ट्रा या नावाने विकल्या जाणाऱ्या, अतिशय मजबूत व जवळजवळ न ताणल्या जाणाऱ्या दोऱ्या येतात. ताणाखालील अशी दोरी त्वचा कापते, आणि हा धागा दीडशे अंशांच्या आतच वितळत असल्याने दुसऱ्या दोरीच्या घर्षणाने स्वतःही तुटतो. मांजाने गळा चिरल्याच्या बातम्या दर संक्रांतीला वाचणाऱ्या आपल्या शहराला याहून जास्त समजावण्याची गरज नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन व इतर कृत्रिम मांजावर देशभर बंदी घातली आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतलेली आहे. पॉवर काइटच्या दोरीला काच नसते आणि तिने पेच लढवले जात नाहीत, तरी तीही कृत्रिमच आहे. म्हणून सार्वजनिक मैदानावर उडवण्यापूर्वी जवळच्या पोलीस ठाण्यात विचारणा करावी आणि डिसेंबर-जानेवारीत काइट बाहेर काढूच नये. रस्त्याच्या, पायवाटेच्या किंवा गुरे चरण्याच्या जागेजवळ दोरी कधीही पसरू नये. वारा जिकडे वाहतो त्या दिशेला पन्नास मीटरपर्यंत आणि दोन्ही बाजूंना तेवढ्याच अंतरात कोणी नसावे, तुटलेल्या दोरीचा तुकडाही मैदानावर राहू देऊ नये, आणि फुटाळा किंवा अंबाझरी तलावाच्या काठी पक्ष्यांची ये-जा असताना हा छंद करू नये.

जागेची निवडही वाऱ्याच्या दृष्टीनेच करावी. इमारतीच्या किंवा झाडांच्या रांगेच्या मागे तिच्या उंचीच्या सात ते दहा पट अंतरापर्यंत वारा घुसळलेला राहतो. वीस मीटर उंच इमारतीमागे हे अंतर दोनशे मीटरपर्यंत जाते. त्यामुळे कस्तुरचंद पार्क कितीही प्रशस्त वाटले तरी भोवतालच्या इमारती, मेट्रोचा उन्नत मार्ग आणि वर्दळ पाहता ते या कामाचे नाही. सोनेगावच्या विमानतळाचा परिसर तर पूर्णपणे वर्ज्य समजावा. शहराबाहेर हिंगणा किंवा उमरेड रस्त्याच्या बाजूला, मालकाची परवानगी घेऊन, विजेच्या तारा नसलेले मुरमाड किंवा गवताळ पडीक रान शोधणे हाच उत्तम मार्ग होय. पावसाळ्यात काळ्या मातीची जागा टाळावी, कारण चिकट माती कप्प्यांत शिरली की काइट जड होतो. आणि दिवाळीनंतर कुसळाचे गवत व गोखरू यांच्याकडे लक्ष ठेवावे, कारण ते कन्नीत असे गुंततात की ती सोडवण्यात दुपार निघून जाते. काइट उन्हात पसरून ठेवू नये. तीव्र उन्हाने हे पातळ कापड हळूहळू कमकुवत होते.

खरेदीच्या बाबतीत स्थानिक पर्याय मला सापडला नाही. जुनी शुक्रवारी आणि इतवारीच्या पतंगांच्या दुकानांत कागदी पतंगांची जाण असलेली माणसे आहेत आणि कन्नीची गाठ कशी बसावी हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे, पण पॉवर काइट बाहेरूनच मागवावा लागतो. परदेशातून मागवताना टपाल खर्च आणि सीमाशुल्क आधी विचारून घ्यावे, अन्यथा मूळ किमतीचा काही अर्थ उरत नाही. सोबतच दोऱ्यांचा एक जादा संच आणि कापड चिकटवण्याची पट्टी मागवावी, कारण या वस्तू नंतर स्वतंत्रपणे मागवणे महाग पडते. पेटी आल्यावर प्रथम दोऱ्यांची लांबी खुंटीला बांधून तपासावी, शिवणी उजेडासमोर धरून पाहाव्यात, आणि सुरक्षा-दोरी असल्यास ती प्रत्यक्ष सुटते का हे घरीच करून पाहावे.

साठ ते ऐंशी किलो वजनाच्या, सोबत कोणी येणार असलेल्या प्रौढ नवशिक्याने सिनॅप्स १७० घ्यावा. ज्याला एकाच काइटवर अधिक काळ राहायचे आहे आणि पावसाळ्यातील चांगल्या दिवसांची वाट पाहण्याची तयारी आहे, त्याने टँट्रम २२० किंवा त्या आकाराचा सुरक्षा-दोरी असलेला तीन दोऱ्यांचा काइट घ्यावा, आणि पहिले काही आठवडे तो ताशी पंधरा किलोमीटरहून अधिक वाऱ्यात उडवू नये. पन्नास किलोपेक्षा कमी वजनाच्यांसाठी सिनॅप्स १४० पुरेसा आहे; त्यांतही शाळकरी मुलांच्या मागे एखाद्या मोठ्या माणसाने कायम उभे राहावे. हेल्मेट, बोटे झाकणारे हातमोजे आणि घोट्यापर्यंतचे बूट यांचा खर्च काइटच्या खर्चातच धरावा.